घरत वकिलांची सुकट

हिरामण घरत वकील कुणाच्या हातचा चहा पीत नसत, असं पेणच्या कोर्टात अजून सांगतात. ते खोटं आहे. पीत असत. फक्त चहावाल्याने त्याच किटलीतून आधी दुसऱ्याला ओतायचा, त्याने घोट घ्यायचा, मग हे घेणार. तो दुसरा म्हणजे मी. एकवीस वर्षं मी त्यांचा कारकून होतो आणि एकवीस वर्षं त्यांच्या आधी चहा प्यालो, तेव्हा चहाच्या बाबतीत तरी माझी तक्रार नाही.

माझं नाव जगन, राहणार जिते. सकाळच्या गाडीने पेणला उतरायचं आणि साहेब येऊन स्वतः कुलूप उघडेपर्यंत ऑफिसच्या पायरीवर बसून राहायचं. ऑफिसची चावी त्यांनी मला कधीच दिली नाही. रोह्याला तारीख असली की तीच गाडी न सोडता पुढे रोह्याला जायचं. अर्ज लिहायचे, नकला काढायच्या, बेंच क्लार्कशी गोड बोलून पुढची तारीख आणायची, हे माझं काम. मला कायदा येत नाही, पण कायद्याचा कागद कुठे अडतो ते मी कुठल्याही ज्युनिअर वकिलाला शिकवू शकेन.

साहेबांचा संशय हा कोर्टात चेष्टेचा विषय होता. झेरॉक्सवाल्याकडे कागद देताना ते पानं मोजायचे आणि परत घेताना पुन्हा मोजायचे. तारीख आकड्यात लिहून पुन्हा अक्षरात लिहायचे. सहीतल्या एका अक्षराखाली एक बारीक टिंब द्यायचे, म्हणजे कुणी खोटी सही केली तर ओळखू यावी. कपाटाची चावी करदोऱ्याला बांधलेली असायची. ती काढायला ते भिंतीकडे तोंड करून शर्ट वर करायचे, आणि नवीन अशील बाई असली तर बिचारी घाबरून उठायची. बार रूममधले वकील विचारायचे, "काय घरत, आज सावलीकडून वकालतपत्र घेतलंत का?" साहेब हसायचे नाहीत. ते म्हणायचे, "सावली उन्हापुरतीच असते, तिचं काय घेऊन बसलात." मला त्यांचा राग यायचा आणि त्यांच्यावर कुणी हसलं की त्याचाही राग यायचा.

माणूस म्हणून वाईट नव्हते. धरमतरच्या खाडीकडच्या गावातले, मिठागरात खपणाऱ्या माणसाचा मुलगा, त्या गावातले पहिले वकील. बाप काळुराम ते चौथीत असतानाच गेला, एवढंच ते सांगत. आई धोंडुबाई गावातच राहायची, तिला पेणमध्ये करमायचं नाही. वाडीवरच्या कातकऱ्यांची कामं पेणमध्ये फारसं कुणी घ्यायचं नाही, कारण अशील तारखेला सापडत नाही. साहेब घ्यायचे.

अशील सापडत नाही याचं कारण कोळशाच्या भट्ट्या. दिवाळी झाली की मुकादम येतो आणि अख्खी वाडी घाटावर निघून जाते. घरांना कुलूप नसतं, दाराला नुसता काटा लावलेला असतो. माणसं परत येतात ती थेट वैशाखात. कोर्टाला हे कोण सांगणार? कोर्ट मार्गशीर्षात तारीख देतं, पौषात देतं, अर्जावर अशिलाचा अंगठा मागतं, आणि अशील तिकडे दोन डोंगरांपलीकडे कोळसा विझवत असतो. अंगठा नाही म्हणून दावा निकाली निघालेले मी डोळ्यांनी पाहिलेत.

यावर साहेबांनी एक तोड काढली होती. वाडी निघायच्या आदल्या दिवशी आम्ही जायचो. प्रत्येक अशिलाचे कोर्टात चालणाऱ्या तीन कोऱ्या हिरव्या कागदांवर खाली उजव्या बाजूला अंगठे घ्यायचे. शेजारी साहेब लिहायचे, 'ओळख पटवली', आणि टिंबाची सही करायचे. कोपऱ्यात टाचणीने एक भोक पाडायचे. मग तारीख पडेल तसा वरचा मजकूर आम्ही पेणला बसून भरायचो. पावसाळ्यासाठी घरात सुकट, म्हणजे सुकी मासळी, भरून ठेवतात, तसे हे भट्टीच्या महिन्यांसाठी भरलेले अंगठे. म्हणून मी त्यांना सुकट म्हणायचो, आणि पुढे साहेबही म्हणायला लागले. सुकटीचं वेगळं रजिस्टर होतं. कुणाचे किती घेतले, किती वापरले. वैशाखात माणसं परत आली की उरलेल्यासमोर साहेब स्वतः लिहायचे, 'फाडला'.

हे बेकायदा होतं का? होतं. असं कोण करत नाही, असं मी विचारलं तर निम्मा जिल्हा खाली बघेल.

त्या अशिलांतली एक पारी. रोह्याजवळ कुंडलिका नदीच्या काठाला तिची वाडी. तिच्या सासऱ्याच्या सासऱ्यापासून ती माणसं त्या जागेत राहत होती, पण सातबारावर नाव दुसऱ्याचं. त्या दुसऱ्याने ती जागा पनवेलकडच्या एका पार्टीला विकली आणि पार्टीला तिथे कुंपण घालायचं होतं. कुंपणाच्या आत पारीचं घर, घरामागचा नाचणीचा तुकडा आणि नवऱ्याला पुरलं ती जागा, सगळं जात होतं. साहेबांनी पंच्याण्णव साली रोहा कोर्टात दावा लावून तात्पुरती मनाई मिळवली. मनाई होती तोवर पार्टीला खांब रोवता येत नव्हता. दावा गेला की मनाई गेली, आणि मनाई गेली की पारीचं घर गेलं. तिला हे एकदा समजावून सांगितलं होतं, ते तिने पक्कं लक्षात ठेवलं होतं.

पारी चाळिशीची असेल. कोर्टात जजसाहेबांनाही ती 'तू' म्हणायची, तिच्या बोलीत दुसरं काही नव्हतंच. सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर आम्ही सुकट घ्यायला गेलो, तेव्हा साहेबांनी दरवर्षीचा धडा तिला पुन्हा दिला.

"पारी, भट्टीवर मुकादम कागद आणंल. पार्टीचा माणूस येईल, गोड बोलंल. कोऱ्या कागदावर अंगठा द्यायचा नाय. कुणावर म्हणून कुणावर भरवसा ठेवायचा नाय."

"नाय देत," पारी म्हणाली. मग शाईने काळा झालेला अंगठा तिने आमच्यासमोर धरला. "मंग ह्यो काय हाय?"

वाडी हसली. मीही हसलो. साहेब म्हणाले, "माझी गोष्ट येगळी," आणि टाचणीने भोक पाडू लागले.

अठ्ठ्याण्णवच्या जानेवारीत मी दुसऱ्या एका कामाला रोह्याला गेलो होतो. सहज म्हणून पारीच्या दाव्याची पुढची तारीख विचारली. बेंच क्लार्क म्हणाला, "तो गेला की. बारा तारखेला तुम्हीच काढून घेतलात."

मला वाटलं थट्टा करतोय. त्याने फाईल काढून दाखवली. हिरव्या कागदावर पुरसीस, म्हणजे अशिलाने कोर्टाला दिलेली लेखी कबुली. 'वादीस दावा पुढे चालवावयाचा नाही, सबब तो काढून घेण्यास परवानगी असावी.' खाली पारीचा अंगठा. शेजारी 'ओळख पटवली' आणि साहेबांची सही. टिंब जागच्या जागी. मी कागद उजेडासमोर धरला, तर कोपऱ्यात टाचणीचं भोक.  सकाळच्या गठ्ठ्यात कुणीतरी तो ठेवून गेलं होतं. कोण ते क्लार्कला आठवत नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं.

परत येताना मुद्दाम वाडीवरून गेलो. वाडी रिकामी होती. पारीच्या घरासमोर ट्रकमधून सिमेंटचे खांब उतरवत होते.

पेणला येऊन साहेबांना सगळं सांगितलं. ते उठले. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं, चावी काढली, कपाट उघडलं, पारीची या वर्षीची सुकट मोजली. तीन घेतली होती, एक डिसेंबरात वापरली, दोन शिल्लक. दोन्ही जागेवर. त्यांनी पुन्हा मोजली. मग माझ्याकडे वळले.

"जगन, बारा तारखेला तू कुठं होतास?"

मला आधी प्रश्न कळलाच नाही. कळला तेव्हा कानशिलं तापली. तोवर चौदा वर्षं या माणसाच्या आधी चहा प्यायलो होतो मी! मी म्हणालो, "इथंच. तुमच्यासमोर. तुमच्या डायरीत बघा."

त्यांनी खरंच डायरी उघडून बघितली.

तेव्हापासून महिनाभर त्या ऑफिसात दोन माणसं एकमेकांवर पहारा करत होती. साहेबांनी मला लिहायला कागद देणं बंद केलं. माझी पिशवी जाताना उघडून बघायचे, वर म्हणायचे, "तुझ्यासाठीच रे, उद्या कुणी बोलायला नको." एका सोमवारी विचारतात, "घरावर नवीन पत्रे घातलेस?" रविवारी स्वतः जित्याला येऊन, प्लॅटफॉर्मवरून माझं छप्पर बघून गेले होते! पुतण्या डोलवीच्या कंपनीत शिफ्टला जातो, पत्रे त्याने घातले. मी सांगितलं. त्यांनी पुतण्याचं नाव लिहून घेतलं. त्या दिवशी मी स्टेशनवर बसून रडलो, हे माझ्या बायकोलाही माहीत नाही.

मग माझंही डोकं उलटं फिरायला लागलं. कपाटाची चावी एकच. ती कुणाच्या करदोऱ्याला? सही कुणाची? टिंबाचं गुपित कुणाला ठाऊक? मला आणि साहेबांना. मी केलं नाही, हे मला माहीत होतं. मग राहिलं कोण? एकदा ते पार्टीच्या वकिलाबरोबर कोर्टामागे उभे राहून हळू आवाजात बोलताना दिसले, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. खांब रोवणं काही दिवस थांबवा म्हणून साहेब हात जोडत होते, हे मला पुढे कळलं. त्या दिवशी मला फक्त जोडलेले हात दिसले, आणि ते मला सौदा पक्का झाल्यासारखे वाटले. मी साहेबांच्या येण्याजाण्याच्या वेळा रेल्वेचा पास ठेवायच्या माझ्या पाकिटात लिहून ठेवू लागलो. ज्याची चौदा वर्षं चेष्टा झाली त्याचाच रोग मला लागला होता.

बार रूममध्ये मात्र कोडं कधीच सुटलं होतं. "अहो, भट्टीवर दिला असेल तिने अंगठा. एक बाटली पुरते त्यांना." सगळे तेच बोलत होते. साहेब ऐकायचे आणि उठून बाहेर जायचे.

एक दिवस त्यांनी मला समोर बसवून सुकटीचं रजिस्टर पहिल्यापासून वाचायला लावलं. ते माझा चेहरा बघत होते, मी रजिस्टर बघत होतो. शहाण्णवच्या पानावर आलो. 'पारी, तीन. वापरले दोन. एक फाडला.' त्याच्या मागचं पान, 'फाडला'. त्याच्या मागचं, 'फाडला'. सगळं साहेबांच्या अक्षरात. आणि मला एक साधी गोष्ट सुचली. ऑफिसची कचऱ्याची टोपली रोज मी ओततो. चौदा वर्षांत त्या टोपलीत हिरव्या कागदाचा तुकडा मी एकदाही पाहिला नव्हता.

मी तेव्हा तोंड उघडलं नाही. उघडलं असतं तर मीच चोर ठरलो असतो. रविवारी उठून मी साहेबांच्या गावी गेलो. धोंडुबाईंना औषध पोचवायच्या निमित्ताने मी पूर्वी तिथे जात असे. त्या महिन्यात साहेबांनी तेही काम माझ्याकडून काढून घेतलं होतं, म्हणून म्हातारी मला बघून खूश झाली.

तिने पाणी दिलं. मी ओटीवरून देवघराकडे सहज बघितलं. खंडोबाच्या टाकाशेजारी एक काच लावलेली चौकट होती. आत फोटो नव्हता. आत एक तपकिरी पडलेला कागद होता, आणि त्यावर एक अंगठा. अंगठ्याला हळदकुंकू लावलेलं होतं, दोन अबोलीची फुलं वाहिलेली होती.

"आजी, ह्ये काय?"

"ह्ये हिरामनचा बापूस," ती म्हणाली. "फोटू कवा काडलाच नाय त्याचा. एवराच रायला."

मग तिने सांगितलं ते असं. काळुरामचा मिठागरात हिस्सा होता. दलालाने मिठाच्या वजनाची पावती म्हणून कोऱ्या कागदावर त्याचा अंगठा घेतला, वर हिस्सा सोडल्याचा मजकूर लिहिला. काळुराम भांडला, हरला, आणि वर्षाच्या आत गेला. तो कागद कोर्टातून परत आला, तो तिने ठेवला. ज्या कागदाने नवरा गेला, त्याच्यावरच त्याचा अंगठा होता. टाकणार कसा?

"आमच्या घरात अंगठ्याचा कागद फारीत नाय, बाला," ती म्हणाली. "मानसाचा हात हाय तो. हिरामनला ल्हानपनापास्ना सांगलंय."

मी उठलो. तिच्या पाया पडलो आणि पहिल्या टेम्पोने निघालो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

सोमवारी साहेबांनी कुलूप उघडलं तसा मी आत जाऊन दार लावून घेतलं. म्हणालो, "साहेब, फाडलेली सुकट कुठंय?"

त्यांनी मला हाकलून दिलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं. त्यांनी दार नीट लागलंय का ते बघितलं. मग भिंतीकडे वळले, चावी काढली आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातून एक गाठोडं काढलं. आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं. चौदा वर्षांतले सगळे उरलेले अंगठे. मंगळीचे, केरूचे, वाळूचे, मरून गेलेल्यांचेसुद्धा. आम्ही दोघं जमिनीवर बसून मोजायला लागलो. शहाण्णवचा पारीचा एक मिळाला नाही.

साहेबांनी पारीच्या दाव्याची फाईल काढली. शेवटच्या पानाला टाचणीचा गंज लागला होता. टाचणी होती, खाली कागद नव्हता.

"कावीळ," साहेब म्हणाले.

मलाही आठवलं. सत्त्याण्णवच्या जूनमध्ये त्यांना कावीळ झाली होती आणि नेमकी तेव्हा रोह्याची तारीख होती. तिथल्याच एका वकिलांना त्यांनी त्या दिवसापुरतं उभं राहायची विनंती केली आणि अख्खी फाईल पाठवून दिली. त्या वकिलांचं नाव मी घेत नाही. कागद त्यांच्याकडून कुठे गेला, त्यांनी दिला की त्यांच्या टेबलावरून उचलला, हे मला आजही माहीत नाही. संशय आहे, पुरावा नाही.

"फाईल घेऊन कोन गेला?" साहेबांनी विचारलं.

"मी."

"आणि सुकट फाईलला कुनी टाचून ठेवलेली?"

मग तेच म्हणाले, "मी. गाठोड्यात बांधंन नंतर म्हणून."

गडी असा खचून बसला की मला त्याच्याकडे बघवेना. महिनाभराचा माझा राग कुठे गेला कुणास ठाऊक, मला फक्त त्या माणसाला तिथून उठवायचं होतं. आणि तेव्हा मी जे बोललो त्याची मला अजून लाज वाटते. मी म्हणालो, "साहेब, गप्प बसा. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आणि मला. पारीनं भट्टीवर दिला असंल असं सगळे बोलतातच आहेत. बोलू द्या. तुम्ही खरं सांगितलंत तर सनद जाईल."

साहेबांनी मान वर केली.

"माझ्या बापाबद्दलपन सगळे हेच बोलायचे," ते म्हणाले. "ताडी पिऊन दिला असंल काळुरामनं अंगठा."

त्यांनी कोरा कागद ओढला आणि लिहायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा डाव्या हाताचा आडोसा न करता लिहीत होते.

पारीला आणायला मी घाटावर गेलो. दोन दिवस भट्ट्या शोधत फिरलो. ती मिळाली तेव्हा कोळशाने अशी काळी झाली होती की तिने हाक मारली म्हणून मी ओळखली. मुकादम सोडेना, त्याच्याशी भांडलो. वाटेत तिला सांगितलं, दावा गेला, खांब आलेत. ती म्हणाली, "माज्या अंगठ्यानं गेला? मी कनाला दिला न्हाय." एवढंच ती पेण येईपर्यंत दर थोड्या वेळाने म्हणत होती.

ऑफिसात साहेबांनी दोन कागद टाईप करून ठेवले होते. एक पारीचा अर्ज, दावा पुन्हा नंबरावर घ्या, म्हणजे पुन्हा चालू करा म्हणून. दुसरं साहेबांचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र. त्यांनी शाईचा पॅड पुढे सरकवला. पारीने अंगठा मुठीत लपवला.

"आदी वाच," ती म्हणाली.

इतक्या वर्षांत कुठल्याही अशिलाने आम्हाला हे म्हटलं नव्हतं. साहेबांनी अर्ज वाचला. ती म्हणाली, "त्यो दुसरापन." साहेबांनी दुसराही वाचला, एक ओळ न गाळता. मी हिरामण काळुराम घरत, धंदा वकिली, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर अंगठा वादीने पुरसीशीवर दिलेला नाही. तो मी स्वतः कोऱ्या कागदावर घेतला. तो फाडल्याची नोंद मी केली, ती खोटी आहे. वादीचा यात काही दोष नाही.

पारी ऐकत होती. "मंग चोर कोन?" तिने विचारलं.

"कागद कुनी उचलला ते ठाव नाय," साहेब म्हणाले. "पन कोरा मी ठेवला."

ती आता शिव्या देईल असं मला वाटलं. तिने मूठ उघडली, अंगठा शाईत बुडवला आणि भरलेल्या मजकुराच्या खाली, अगदी शेवटच्या ओळीला चिकटून दाबला. मध्ये बोटभरही जागा सोडली नाही.

रोह्याच्या कोर्टात तो अर्ज चालला तेव्हा उभं राहायला जागा नव्हती. चेष्टा करणारे सगळे आले होते. पार्टीच्या वकिलांनी साहेबांना पिंजऱ्यात उभं करून तासभर सोलून काढलं. "म्हणजे तुम्ही रजिस्टरमध्ये खोटं लिहिता?" "होय." "कोऱ्या कागदावर अडाणी माणसांचे अंगठे घेता?" "होय." "असे किती घेतलेत?" साहेबांनी आकडा सांगितला. गाठोडं मोजून आम्ही तो आकडा काढला होता. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. पारी बाकावर बसून प्रत्येक 'होय'ला मान हलवत होती.

जजसाहेबांनी आठवड्याने निकाल दिला. पुरसीस रद्द, दावा पुन्हा नंबरावर, मनाई कायम. पार्टीने तीन दिवसांत खांब उचलून न्यावेत. आणि ॲडव्होकेट घरत यांच्या वर्तनाबाबत कागदपत्रं बार कौन्सिलकडे पाठवावीत. ते प्रकरण दोन वर्षं चाललं आणि साहेबांची सनद एक वर्षासाठी निलंबित झाली. ते वर्ष त्यांनी गावी मिठागराच्या बांधावर बसून काढलं. पारीचं घर आजही तिथे आहे, आता तिथे तिची सून नाचणी करते.

पण मला सांगायचं आहे ते निकालाच्या दुसऱ्या दिवसाचं. पारी भट्टीवर परत निघाली होती. मुकादमाचा माणूस पेणच्या स्टँडवर थांबला होता. ती मात्र ऑफिसात आली आणि बाकावर न बसता उभी राहिली.

"माजे दोन रायलेत तुज्याकडं," ती म्हणाली. "दे."

साहेबांना कळलं. ते भिंतीकडे वळले नाहीत. आमच्यासमोरच शर्ट वर करून चावी काढली, कपाट उघडलं आणि दोन हिरवे कागद तिच्या हातात दिले. पारीने ते उलटेसुलटे बघितले. स्वतःचा अंगठा कागदावरच्या अंगठ्याशेजारी धरून बघितला. मग तिने कागद मधून फाडले. पुन्हा फाडले. साहेबांनी डोळे मिटून घेतले, जणू त्यांनाच कुठे लागत होतं. बारीक तुकडे करून तिने माझ्या टोपलीत टाकले आणि हात झटकले.

"तुनाच सांगलेला," ती साहेबांना म्हणाली. "कनावर भरवसा ठेवायचा न्हाय." आणि ती गेली. रागाने नाही, घाईने गेली, गाडी सुटत होती.

साहेबांनी सुकटीचं रजिस्टर काढलं. पारीचं पान उघडलं. पेनाचं टोपण काढलं, आणि तसेच थांबले. टोपलीतल्या हिरव्या तुकड्यांकडे बघत होते. मग त्यांनी रजिस्टर फिरवून माझ्यापुढे सरकवलं, वर पेन ठेवलं आणि शेजारी करदोऱ्याची चावी ठेवली.

"तू लिही, जगन," ते म्हणाले. "माझ्या लिहिण्याचा काय भरवसा नाय."

मी टोपली जवळ ओढली, तुकडे पुन्हा एकदा बघितले, आणि मग लिहिलं, 'दोन, फाडले.'